झापांमागचा बाजार

आमच्या कामात कोळसा ज्याच्या हातात, भिंत त्याची. तो आधी येतो. कोळशाची कांडी घेऊन रेघा ओढतो, लांब जाऊन बघतो, परत येऊन फडक्याने पुसतो, पुन्हा ओढतो. त्याला सगळे सर म्हणतात. सर गेले की डबे आणि ब्रश घेऊन आम्ही येतो. आम्ही भरणारे. आकाश भरा, पाणी भरा, हत्तीचं अंग भरा. हत्तीचा डोळा मात्र भरायचा नाही, तो सर स्वतः येऊन काढणार. विरारला पुलाखाली जे मोर आहेत त्यांची पिसं मी भरली आहेत. शाळांच्या कंपाउंडवर कचरा उचलणारे जे हात आहेत त्यांतले कितीतरी माझे. पण कुठल्याही भिंतीवरचा एकसुद्धा डोळा माझा नव्हता.

तक्रार म्हणून नाही सांगत. वाशिमकडच्या खेड्यातून आले तेव्हा मला धड रिक्षाला हात दाखवता येत नव्हता. नववीत शाळा सुटली. चित्रकलेच्या बाई म्हणायच्या, एलिमेंटरीला बस. परीक्षा होती तालुक्याला, आणि त्या आठवड्यात घरी कापूस वेचायला माणूस नव्हतं. मग लग्न झालं, नवऱ्याबरोबर इथे आले. तो टॉवरमध्ये फरशी बसवतो. त्याच्याच ओळखीच्या एका ठेकेदाराने मला भिंतीवर उभं केलं. ब्रश हातात देणाऱ्याचे उपकार मी कधी विसरले नाही. विसरायला मन मोकळं लागतं. माझं मन सदा कशात तरी अडकलेलं असतं. गॅस बंद केला का, डब्याचं झाकण नीट बसलं का, उद्या बोलावतील का.

तर त्या वर्षी वसई गावात जुन्या बाजाराचं काम निघालं. बोळिंजला आमच्या खोलीपासून मला दोन बस लागायच्या. स्टेशनकडची गर्दी मागे पडली की झाडं सुरू होतात, आणि मग एकदम तो रस्ता येतो. दोन्ही बाजूंना कौलारू घरं, लाकडी सज्जे, फळ्यांची दारं असलेली दुकानं. एका टोकाला देवळाची दीपमाळ, दुसऱ्या टोकाला चर्चचं पांढरंशुभ्र कपाळ. मधे मधे नवीन चार मजली इमारती, तोंडात नकली दात बसवल्यासारख्या. या रस्त्याचा वारसा रस्ता करायचं पालिकेने ठरवलं होतं. म्हणजे जुन्या घरांच्या भिंतींवर जुन्या काळाची चित्रं काढायची. सरांनी गलबतं काढली, तोफा काढल्या, घोडे काढले. आम्ही भरत गेलो. समोरच्या बेकरीत पाव घ्यायला येणारा एक म्हातारा रोज थांबून बघायचा. एक दिवस म्हणाला, "भिंत जुनी, चित्र पण जुन्याचं. मग आता भिंत कुठून दिसनार?"

सरांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मीही हसून मान खाली घातली. पण ते माझ्या डोक्यात राहिलं.

काम संपत आलं आणि सरांना सुरतेला हॉटेलचं मोठं काम मिळालं. ते गेले. एकच भिंत राहिली होती. ठेकेदार मोटारसायकलवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघत म्हणाला, "तू काढशील का?"

"मी?"

"बाजार काढायचाय. बायका, भाजी, फुलं. तोफा नाहीत त्यात. बिघडलं तर पांढरा मारू." मग किक मारत, "साहेब लोक येणारेत बघायला. त्यांना आवडली ही भिंत तर पुढची बोळिंजची, पाण्याच्या टाकीची, ती तुझीच. कोळसा तुझा. नाही आवडली तर भरायला आहेसच की तू."

त्याने तसं सहज म्हटलं. मी त्याच संध्याकाळी कोळशाच्या कांड्या विकत घेतल्या.

ती भिंत एका बागायतदार कुटुंबाच्या घराची होती. घरात काका आणि काकू दोघंच. काका मुंबईतल्या नोकरीतून निवृत्त झालेले. काकू पहाटे वाडीतली फुलं आणि पानं काढून बाजारात पाठवायच्या. मुलगा परदेशात बोटीवर. दोघं आपसात त्यांच्या घरच्या बोलीत बोलायचे, त्यातलं मला निम्मं कळायचं. भांडण चाललंय की चहाचं विचारतायत, हे कळायला काकूंच्या भुवया बघाव्या लागत.

घराच्या पश्चिमेला मोकळी जागा आणि तिथून चर्चकडे जाणारी पायवाट. भिंत त्या बाजूला. चुन्याची, गुळगुळीत, हात फिरवला तर कपाशीच्या बोंडासारखी. अख्ख्या रस्त्यात इतकी चांगली भिंत नव्हती. बाकीच्या भिंतींना खार फुटलेला, पोपडे आलेले, आम्हाला आधी घासून काढाव्या लागल्या होत्या. ही मात्र तशीच्या तशी. मला वाटलं, माझं नशीब.

फक्त एक अडचण होती. भिंतीत खुंट्या होत्या. सागवानी, कोपरापर्यंतच्या हाताएवढ्या लांब, वर कललेल्या. एक रांग कौलांच्या खाली आणि दुसरी भिंतीच्या मध्यावर. ठेकेदार म्हणाला, कापून टाक. मी आरी शोधत होते तेवढ्यात काका ओट्यावर आले.

"खुंटीला हात लावायचा नाही."

"काका, चित्राच्या मधे येतायत."

"चित्र त्यांच्या मधे येतंय," काका म्हणाले आणि पेपर वाचायला आत गेले.

मी पुढे विचारलं नाही. आमच्याकडे गोठ्यात अशा खुंट्या असतात, जू आणि दोर अडकवायला. इथेही तसंच काही असेल, आणि जुन्या वस्तूचा माणसाला अभिमान असतो, असं मी धरून चालले. त्यांनीही सांगितलं नाही. त्या खुंट्या कशासाठी ते माहीत नसलेली त्या गल्लीत बहुधा मीच पहिली होते.

कोळसा हातात घेतला आणि दोन दिवस नुसत्या रेघा पुसत राहिले. भरणाऱ्याला रेघेच्या आत राहायची सवय असते. समोर रेघच नसली की हात कुठे ठेवायचा कळत नाही. तिसऱ्या दिवशी काकू चहा घेऊन आल्या. बांबूच्या परांचीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "ए बाय, भिंत पांढरी होती, ती तू काळी केलीस. पुढे काही आहे की एवढंच?"

मी खाली उतरून चहा घेतला. त्यांना खुंट्यांबद्दल बोलले, की या माझा जीव खातायत, जिथे माणूस काढावं तिथे त्याच्या कपाळातून खुंटी येते. काकूंनी वर बघितलं. "बाजारात काय टांगत नाहीत का?" एवढंच म्हणाल्या आणि कपबशी घेऊन गेल्या.

आणि मला एकदम दिसलं. मधल्या रांगेच्या खुंट्या म्हणजे दुकानांची आढी. खऱ्या खुंटीला खोटा केळीचा घड टांगायचा. दुसरीला पांढऱ्या कांद्यांची माळ. तिसरीला तराजू, पुढे अबोलीचे गजरे, पानांची टोपली, कंदील. लाकूड खरं, सावली खरी, आणि त्याखालची वस्तू रंगाची. दुपारनंतर ऊन पश्चिमेला आलं की खुंटीची सावली चित्रातल्या केळ्यांवर पडायची आणि केळी भिंतीतून बाहेर आल्यासारखी वाटायची. पहिला घड झाला त्या दिवशी मी परांचीवरून उतरून लांब गेले, बघितलं, परत आले. फडकं हातात होतं, पण पुसलं काही नाही.

मग रस्ता बोलायला लागला. भिंतीसमोर थांबणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही खुपायचं. केळी राजेळी असतील तर एवढी आखूड कशी. भाजीवालीची टोपली डोक्यावर आहे तर खालची चुंबळ कुठे. बेकरीत पाव घ्यायला येणारा तो म्हातारा म्हणाला, "आमची एक बाई तरी घे बाजारात. आमच्या बायका काय उपाशी होत्या?" मी त्याच्या सांगण्यावरून त्यांच्या ख्रिस्ती बायकांसारखी लाल लुगड्यातली एक काढली. तो रोज येऊन लुगड्याचा काठ तपासायचा. शेवटी एकदा म्हणाला, "चालेल." मला तो शब्द दिवसभर पुरला.

चेहरे राहिले होते. सगळ्या बायका झाल्या, टोपल्या झाल्या, तोंडं कोरी. डोळे काढायचे म्हटलं की काहीतरी दुसरं काम आठवायचं. अखेरीस कांदेवालीपासून सुरुवात केली. ती माझ्या आईसारखी झाली. मी ठरवून नाही केली, हाताला तोच चेहरा येत होता. पदर पण आमच्याकडचा, उजव्या खांद्यावरून डोक्यावर ओढलेला.

काका बघून म्हणाले, "ही इथली नाही."

"पुसते," मी म्हटलं.

"राहू दे," आतून काकूंचा आवाज आला. "बाजारात काय सगळे इथलेच येतात? तुम्हालाच तर बाहेरचा कांदा लागतो म्हणून भांडता."

एप्रिल संपताना चित्र झालं. शाळेतून येणारी पोरं उड्या मारून घडातलं केळं तोडायला बघायची. नवरा एका रविवारी आला. भिंतीजवळ गेला आणि म्हणाला, "घड खुंटीला बांधलाय तो दोर, तो पण रंगाचाच?" हो म्हटल्यावर त्याने बोटाने चाचपून बघितला. त्याहून जास्त तो कधी काही बोलत नाही.

आता फक्त साहेब लोक यायचे राहिले होते. ते मे महिन्याच्या एक तारखेला येणार होते. मग पुढच्या आठवड्यात. मग महिन्याच्या मध्यावर. ठेकेदाराला फोन केला की तो म्हणायचा, "येतील गं, पळून जातेय का भिंत?" माझं दुसरीकडे भरायचं काम सुरू होतं, तरी बस बदलून मी एक चक्कर मारायचेच. केळी तिथेच आहेत ना, कोणी पोस्टर चिकटवलं नाही ना.

अशाच एका चकरेत मला वाडीतल्या हौदात माडाच्या झावळ्या भिजत घातलेल्या दिसल्या. ढीगच. ओट्यावर काका काथ्याच्या दोऱ्या सोडवत बसले होते.

"काका, हे कशाला?"

"झाप विणायला."

"झाप कशाला?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विचारलं, ताट कशाला. "भिंतीला बांधायला. पाऊस पश्चिमेकडून येतो."

मला तरीही कळायला एक क्षण लागला. मग मी वर, त्या दोन रांगांकडे बघितलं. काकू दारात आल्या होत्या.

"मग खुंट्या कशाला वाटल्या तुला?"

"वस्तू टांगायला."

"टांगायलाच आहेत की," त्या म्हणाल्या. पण हसल्या नाहीत. माझं तोंड बघून बहुतेक.

दर वर्षी मे महिना सरायच्या आत ती भिंत झावळ्यांच्या झापांनी वरपासून खालपर्यंत झाकली जाते आणि दसऱ्याला उघडते. काकांच्या आजोबांच्या आधीपासून. म्हणून तर ती भिंत रस्त्यात सगळ्यांत चांगली होती. मी जिला नशीब म्हणत होते, ती कुणीतरी दर वर्षी बांधलेली होती.

मी म्हटलं, "साहेब येईपर्यंत थांबा. एवढंच मागते." मी काकूंना सगळं सांगितलं. बोळिंजची भिंत, कोळसा, सर, डोळे. इतकं मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. काकू आणि काका त्यांच्या बोलीत बोलले. भुवयांवरून भांडणच होतं. मग काकू म्हणाल्या, "थोडे दिवस थांबतो. आभाळ बघून."

ठेकेदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "त्यांना सांग, एक वर्ष नका बांधू. वरून पारदर्शक कोट मारून देतो ना मी. प्लास्टिकसारखा बसतो." मी तो निरोप जसाच्या तसा काकांना दिला. ते उठले. चप्पल घातली. "चल," म्हणाले.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एक बंद घर आहे, मालक नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहायला गेलेले. त्याच्याही पश्चिमेच्या भिंतीला खुंट्या होत्या, पण निम्म्या मोडलेल्या. त्या भिंतीवर सरांचा घोडा होता. मीच भरलेला. काकांनी घोड्याच्या पोटावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. रंगाचा पापुद्रा वर तसाच ताणलेला, आणि आत चुना भिजवलेल्या गुळासारखा.

"हे लोक गेल्यापासून कुणी झाकली नाही. चुन्याची भिंत पाणी पिते," काका म्हणाले. "उन्हात सोडते. तुमच्या रंगाने वरून तोंड बांधलं की सोडणार कुठून? कोट मारला की आणखीनच बांधलं."

परत येताना ते पुढे, मी मागे. माझ्या मनात मात्र दोन्ही बाजूंनी चाललं होतं. एक मन म्हणत होतं, एकच पावसाळा. एका पावसाळ्याने काय होतंय. दुसरं मन त्या अंगठ्याकडे बघत होतं. त्या घराने मला सावली दिली, चहा दिला, न मागता संडासची किल्ली दिली, जी रस्त्यावर काम करणाऱ्या बाईला कोणी देत नाही. आणि मी त्यांना म्हणत होते, तुमची भिंत माझ्यासाठी भिजू द्या.

आईला फोन केला. तिला खुलासा करून सांगायला वेळ लागला.

"मंग झाकल्यावर दिसन का ते?"

"नाही ना व माय. चार महिने कोणालेच नाही दिसणार."

"अन् नाही झाकलं तं?"

"तं भिंत खराब होईन."

"मंग चित्र कायच्यावर राहीन?" आई म्हणाली. "तुले जेवाले काय हाये आज?"

पुढच्या दिवशी वारा फिरला. पायवाटेवरची धूळ भिंतीकडे यायला लागली. काका ओट्यावर येऊन आभाळ बघत आणि आत जात. मला बघून काही म्हणत नव्हते, तेच मला सहन होईना. मी डबे खाली ठेवले आणि म्हटलं, "बांधा काका."

"साहेब?"

"बांधा."

काकू आतून पाट घेऊन आल्या. एक स्वतःला, एक मला. झावळी मधोमध चिरायची, दोन्ही अंगांची पातं एकाआड एक खालीवर घालत न्यायची. माझी वीण सैल पडत होती. काकूंनी दोन झाप उसवायला लावले. "वारा आत शिरला की झाप आपटतो. आपटला की तुझ्या बाईचं नाक जाईल." मग मी अशी घट्ट विणली की बोटांची कातडी गेली. खुंट्यांना आधी बांबू आडवे बांधायचे, त्यावर झाप. खुंट्या एवढ्या लांब का, हे तेव्हा कळलं. झाप भिंतीला टेकत नाही. मधून वारा जातो.

वरून खाली बांधत आलो. कौलांखालचं आभाळ गेलं, लाल लुगडं गेलं, तराजू गेला. कांदेवाली शेवटच्या झापाला होती. तो मीच बांधला. काकूंनी गाठ ओढून बघितली.

त्यावर ठेकेदार फोनवर जे बोलला ते त्याचं त्याला शोभलं. "मालकीणबाई झालीस का तू? मला विचारायचंस तरी." मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. तो म्हणाला, "ठीक आहे. नायगावला ये मग. भरायला."

साहेब लोक जुलैत आले. छत्र्या घेऊन, चिखलातून पाय उचलत. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी काकूंच्या ओट्यावर जाऊन बसले होते. घोड्यांपुढे, तोफांपुढे फोटो झाले. बंद घराच्या भिंतीवरून घोड्याचं पोट गळून गेलं होतं. तिथे ठेकेदाराने सगळ्यांना जरा भराभर पुढे नेलं. मग ते आमच्या झापांसमोर थांबले. ठेकेदार माझ्याकडे बघेना.

"इथे काय आहे?" एका साहेबांनी विचारलं.

"बाजार," काकू म्हणाल्या. "सध्या बंद आहे. दसऱ्याला उघडेल."

ते हसले. एकाने झापात बोट घालून बघितलं. "छान विणलंय," म्हणाले आणि पुढे गेले. मोजून तेवढंच.

नायगावला नवीन टॉवरांच्या कंपाउंडवर मी डॉल्फिन भरले. निळ्यात निळा. पलीकडे खाडी, तिच्यात चिखल आणि बगळे. डॉल्फिन कोणी बघितला होता कोण जाणे. नवरा त्याच टॉवरमध्ये वर फरशी बसवत होता. डबा खायला खाली यायचा तेव्हा म्हणायचा, "भर तू. मजुरी तीच आहे." त्याचं खरं होतं. पण वारा सुटला की माझा हात थांबायचा. झाप आपटत असेल का? कुठल्या गाठीला पाणी लागलं असेल? रविवारी जाऊन मी झापांच्या फटीला डोळा लावायचे. आत हिरवट अंधार, थोडंसं पिवळं, ते केळंच असणार. काकू ओट्यावरून विचारायच्या, "बघितलंस? आहे ना जिवंत? मग ये, भाकरी खा."

त्या घरचं मी इतकं खाल्लंय की हिशेब करायचा धीर होत नाही.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी काकांचा फोन आला. "झाप उतरवतोय." मी हातातलं काम टाकून गेले. बेकरीत येणारा म्हातारा आधीच येऊन उभा होता. गाठी फुगून बसल्या होत्या, विळ्याने कापाव्या लागल्या. पहिला झाप खाली आला तसे चिमण्या उडाल्या, आणि सगळीकडे कुजक्या पानाचा वास. माझं लक्ष दुसरीकडे कुठेच नव्हतं. मी खालचा झाप सोडला.

कांदेवाली होती. डोळे होते, नाक होतं. फक्त डाव्या गालावरून एक तांबूस ओघळ गेला होता, झावळीचं पाणी उतरलं होतं तिथे. बाकी सगळं जागच्या जागी. केळी, तराजू, गजरे. अबोलीच्या गजऱ्यावर पालीची दोन अंडी चिकटलेली. काकांनी चुना बघितला, अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला नाही. ते हात धुवायला गेले.

"लुगडं चांगलं राहिलं," म्हातारा म्हणाला.

मी ब्रश आणला होता. गालाला हात लावणार तर काकू म्हणाल्या, "थांब, आधी भिंत सुकू दे. दिवाळीच्या आधी ये. आणि मेमध्ये झाप बांधायला पण तूच ये. यांचे गुडघे आता परांचीवर चढत नाहीत." ते त्यांनी मला विचारलं नव्हतं. घरच्या माणसाला सांगतात तसं सांगितलं.

संध्याकाळी ठेकेदार आला. कोणी फोटो पाठवला होता की वाटेवरून जात होता, ठाऊक नाही. मोटारसायकल उभी केली. ऊन बरोबर खुंट्यांवर होतं. तो जवळ गेला आणि पोरं करतात तसं केळ्याला हात घातला. हात भिंतीला लागल्यावर त्याने मागे वळून बघितलं, कोणी पाहिलं का म्हणून. सगळ्यांनी पाहिलं होतं.

"बाकीच्या सगळ्या गेल्या," तो म्हणाला. "घोडे, गलबतं, सगळं उतरलं. ही एकच राहिली."

मी ब्रश पिशवीत टाकला.

"परवापासून बोळिंजला टाकीवर ये. कोळसा तू आण."

या क्षणाची मी इतके महिने वाट बघितली होती. आनंद झाला का म्हणाल तर झाला, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "ती भिंत कुठल्या तोंडाची आहे?"

"म्हणजे?"

"पूर्वेला की पश्चिमेला?"

"मला काय माहीत. टाकीची भिंत आहे. सिमेंटची. रस्त्याकडे तोंड आहे."

घरी जाताना मी आधीच्या स्टॉपला उतरले आणि टाकीकडे गेले. सूर्य बुडायला आला होता. सगळी भिंत तांबडी झाली होती, वरपासून खालपर्यंत. म्हणजे पश्चिमच. एवढी मोठी भिंत आजवर मला कोणी दिली नव्हती. बाजूला कॉम्प्लेक्सची गेटं, रिक्षा, भेळवाला. मी भिंतीला हात लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. खुंटी एकही नव्हती.

तिथूनच काकूंना फोन लावला. भिंत मिळाली म्हणून सांगितलं. त्यांनी आत काकांना ओरडून सांगितलं, काका काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"विचारतायत, तिथे पावसाळ्यात झाकणार कोण."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, मी बाजूला झाले. सिमेंटला कुठे काय होतंय, असं म्हणणार होते. पण भिंतीच्या वरच्या कडेपासून शेवाळाचा एक हिरवा पट्टा खाली उतरत आला होता. तो कुठपर्यंत आलाय ते बघत मी तिथेच उभी राहिले.